उघाडी : पाण्याचे दार आणि नावेची वाट

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात आमच्या रोडपालीच्या कडेला, पावसाळी नाला जिथे खाडीला मिळतो तिथल्या दाराची दुरुस्ती निघाली. दार म्हणजे सिमेंटच्या मोरीच्या तोंडाला टांगलेल्या लोखंडी झडपा. त्या गंजल्या होत्या, भरतीचे पाणी आत शिरत होते, आणि पावसाळ्यापूर्वी त्या बदलणे भाग होते. त्याबद्दल कोणाचा वाद नव्हता. कामाची जागा कोरडी करण्यासाठी ठेकेदाराने बाहेरच्या अंगाला मुरूम आणि वाळूच्या गोण्या टाकून आडबांध घातला. ट्रक जिथवर पोचत होता तिथे तो पडला. खाडीचा एक चिंचोळा फाटा त्यामुळे तोंडाशीच बंद झाला आणि फाट्यात बांधलेल्या तीन होड्या आत अडकल्या.

त्यांतली एक आमच्या शेजारच्या आबांची. आबा आगरी, वय सत्तरीच्या पुढचे. जमीन नव्या शहरासाठी गेली तेव्हा ते तरुण होते. खाडी मात्र त्यांनी सोडली नाही. काम पंधरा दिवसांचे म्हणून सुरू झाले, मग पाऊस लागला आणि आडबांध तसाच राहिला. आतले पाणी आटले, होडी चिखलात बसली. लाकडी होडी पाण्यात असते तोवर तिच्या फळ्या फुगून एकमेकींना धरून राहतात. ती उन्हात कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उकलतात. पहिल्या पावसात चिवणी खाडीतून वर चढतात, त्या चार दिवसांची कमाई वर्षभर लक्षात राहते. त्या वर्षी आबा काठावर उभे होते.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. “तू यवरी कागदं वाचतोस,” ते म्हणाले. “दार बंद करताना आत कोन हाय ते बगायचा कायदा नाय का कुठं?”

मी इंजिनिअर नाही आणि वकीलही नाही. तळोज्याच्या एका कारखान्याच्या भांडारात नोकरी करता करता सुटीच्या दिवशी गॅझेटिअर, जुने नकाशे आणि खाडीकाठच्या माणसांच्या आठवणी वाचत-ऐकत जे शिकलो तेवढेच माझे शिक्षण. आबांच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना पाण्याच्या दारांचा जो इतिहास समोर आला, तो या लेखात मांडतो आहे.

भाताचे दार

आमच्या भागात पाण्याच्या दाराला ‘उघाडी’ म्हणतात. पनवेल, पेण, अलिबाग, उरण या पट्ट्यातली भातशेती पुष्कळशी समुद्राच्या भरतीपातळीखाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध घालायचा, शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी त्यात जागोजाग तोंडे ठेवायची, आणि त्या तोंडांवर वरून टांगलेली झडप बसवायची, अशी ही रचना. झडप फक्त बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सुकतीला, खाडीचे पाणी उतरते. आतल्या पाण्याची पातळी जास्त राहिली की ते झडप ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की तेच खारे पाणी झडपेला बाहेरून दाबून बंद करते. माणूस लागत नाही, इंधन लागत नाही. दिवसातून दोन वेळा हे दार आपोआप उघडते आणि दोन वेळा मिटते.

ही बंदिस्ती कष्टाची आणि खर्चाची होती. ज्यांनी खाडीचा चिखल बांध घालून शेतीखाली आणला त्यांना जुन्या राजवटींनी सवलतीने जमिनी दिल्या. ठाणे-कुलाबा भागात अशा जमिनींना ‘शिलोत्री’ म्हणत. बांधाची देखभाल सगळ्या गावाची. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली तर घरटी माणूस टोपली घेऊन धावत असे, कारण एकदा खारे पाणी आत आले की पुढची काही वर्षे ते शेत नीट पिकत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा आणला. बांध आणि उघाड्या यांची जबाबदारी हळूहळू गावाकडून सरकारी खात्याकडे गेली.

उघाडीतून पाणी जाते, थोडी मासळीही जाते. होडी मात्र जात नाही. तिची गरजही नव्हती. बांधाच्या आत शेत आणि बाहेर खाडी, अशी वाटणी होती. एकाच घरातला एक भाऊ आत नांगर धरी आणि दुसरा बाहेर पाग टाकी. उघाडीशेजारची शांत पाण्याची जागा होड्या बांधायला सोयीची, म्हणून तिथे होड्या लागत. ती जागा कोणाच्या नावावर नव्हती आणि कोणी ती कागदावर मागितलीही नव्हती. दार दुरुस्त करायचे तर गावातलीच माणसे करत. आपल्याच चुलत्याची होडी कुठे बांधली आहे हे त्यांना ठाऊक असे.

नावेचे दार

पाणी अडवायचे आणि नावही जाऊ द्यायची, अशा दाराला इंग्रजीत ‘लॉक’ म्हणतात. रोजच्या मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, कारण ते आपल्याकडे फारसे आलेच नाही. कल्पना सोपी आहे. वरची पातळी आणि खालची पातळी यांच्यामध्ये एक लांब हौद बांधायचा आणि त्याच्या दोन्ही तोंडांना दारे बसवायची. नाव खालून आली की खालचे दार उघडून तिला हौदात घ्यायचे, दार मिटायचे, आणि वरच्या बाजूचे पाणी हौदात सोडायचे. हौद भरतो तशी नाव वर उचलली जाते. आत-बाहेर पाणी समपातळीत आले की वरचे दार उघडते. दोन्ही दारे एकाच वेळी कधी उघडत नाहीत. चीनमध्ये छिआओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने इसवी सन ९८४ मध्ये महाकालव्यावर असा हौद बांधल्याची नोंद आहे.

महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण आमच्यापासून खाडीपलीकडे, मुंबई बंदरात आहे. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाल्या. या गोद्यांची दारे भरतीच्या वेळीच उघडत. ती वेळ हुकली की जहाज पुढच्या भरतीपर्यंत बाहेर थांबे. मोठी जहाजे वाढू लागली तशी ही खोळंबा परवडेनासा झाला. म्हणून १९१४ मध्ये सुरू झालेल्या अलेक्झांड्रा डॉकला, आजच्या इंदिरा गोदीला, तोंडाशी ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद असा लॉक बांधला गेला. त्यामुळे भरती असो वा ओहोटी, जहाज आत घेता येऊ लागले. जहाजाचा एक दिवस वाया गेला तर किती रुपयांचे नुकसान होते, याचा हिशेब मालकांनी, व्यापाऱ्यांनी आणि पोर्ट ट्रस्टने मांडला होता. त्या हिशेबातून ते दार उभे राहिले.

नदीवर असा प्रयत्न विदर्भाच्या टोकाला झाला. दवलेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनच्या मनात गोदावरीतून थेट मध्य प्रांतापर्यंत बोटी चालवायचे होते. हिंगणघाट-वर्ध्याचा कापूस सिरोंच्यावरून समुद्राला न्यायचा, ही योजना. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बगलेने कालवा आणि त्यावर लॉक बांधायचे ठरले. कॅप्टन हेग या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे त्या जंगलात, तापाच्या साथींत काम रेटले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते तोवर पैसा मिळाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाने रेल्वेची वाट धरली. १८७१ मध्ये काम थांबवले गेले. त्या नदीवर पूर्वीपासून लहान नावा हाकणारे लोक होतेच. पण लॉक त्यांच्यासाठी निघाले नव्हते आणि त्यांच्यासाठी ते पुरेही झाले नाहीत.

या दोन उदाहरणांवरून एवढे दिसते की नावेसाठी दार बांधायचे की नाही, हे नावेत कोणाचा माल आहे यावर ठरत आले आहे.

बंदराचे गाव

आमची खाडीही एके काळी मालाची वाट होती. पनवेल हे मुंबई-पुणे मार्गावरचे बंदर. मुंबईहून पडाव, मचवे भरतीबरोबर खाडीत चढत, माणसे आणि माल पनवेलला उतरत आणि पुढे बैलगाडीने किंवा पालखीने घाटाकडे निघत. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ वाढली. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका आली, ती राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. पुढे १८६३ मध्ये रेल्वे कल्याण-कर्जतमार्गे बोरघाट चढली आणि पुण्याचा उतारू पनवेलला यायचा थांबला. बंदर रोड हे नाव शहरात राहिले.

मोठे पडाव गेले तरी होड्या राहिल्या. तळोज्याकडून येणारी कासाडी, माथेरानच्या बाजूने येणारी गाढी आणि त्यांना मिळणारे लहान फाटे यांत कोलंबी, बोय, चिंबोरी धरणारी घरे गावोगाव होती. त्यांच्या होडीत ना कापूस होता, ना साहेबाचे सामान. त्यामुळे खाडीच्या नकाशावरून त्यांची वाट पुसली गेली तेव्हा कोणाच्या हिशेबात ती आली नाही.

सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क मिळाला. तो हक्क सातबाऱ्यावर उभा होता. शेताचा सातबारा असतो. होडी बांधायच्या जागेचा नसतो. भावाच्या नांगराची नोंद होती म्हणून त्याला काहीतरी मिळाले. दुसऱ्या भावाच्या पागाची नोंद नव्हती.

शहराचे दार

नवी मुंबईच्या खोलगट भागांतले पावसाचे पाणी काढण्यासाठी नगररचनाकारांनी डच धर्तीची युक्ती वापरली. वसाहतीच्या कडेला धारण तलाव, म्हणजे होल्डिंग पाँड, आणि त्याच्या खाडीकडच्या तोंडाला फ्लॅप गेट. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की दार मिटते आणि शहराचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की ते बाहेर जाते. परदेशातून आणलेली ही युक्ती म्हणजे आमची उघाडीच, फक्त भाताच्या जागी इमारती आल्या. कळंबोली आणि आसपासचा भाग सखल असल्याने आमचे सगळे जगणे या झडपांवर टांगलेले आहे.

झडप बिघडते ती साध्या कारणांनी. लोखंड खाऱ्या हवेत गंजते. प्लास्टिक, थर्माकोल, झाडाची फांदी झडपेत अडकली की ती पुरती मिटत नाही आणि भरती आत येते. दाराबाहेर गाळ साठला की ती पुरती उघडत नाही आणि पाऊस बाहेर जात नाही. गाळ बसला की त्यावर तिवर उगवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्याकडेही पाण्याने घरे गाठली. त्यानंतर दारे आणि तलाव साफ ठेवण्याची मागणी वाढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. हा निर्णय मला योग्यच वाटतो. कांदळवन नसते तर आमच्या खाडीचा काठ कधीच वाहून गेला असता. पण त्यामुळे तलावातला गाळ काढायलाही परवानग्यांची रांग लागते. दुरुस्ती वर्षानुवर्षे लांबते आणि शेवटी निघते तेव्हा पावसाळा तोंडावर असल्याने घाईत होते. आमच्याकडचा आडबांध अशाच घाईत पडला असावा.

म्हणजे आबांची होडी अडकली ती कोणाच्या दुष्टपणामुळे नाही. कामाच्या कागदावर पाण्याची पातळी होती, झडपेचे माप होते, पावसाळ्याची तारीख होती. होड्यांचा रकाना नव्हता.

जिथे रकाना आहे

असा रकाना इतरत्र आहे का, हे पाहताना पहिले उदाहरण शेजारच्या गोव्यात मिळाले. तिथल्या खाजण शेतीत उघाडीला ‘मानस’ म्हणतात. भाताचे पीक निघाल्यावर मानशीतून पाणी आत-बाहेर करून मासळी धरतात. त्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी रीत आहे. तिथेही तंटे आहेत. मासळीच्या लोभाने दार जास्त वेळ उघडे राहिले की खारे पाणी शेतात शिरते आणि शेतकरी बोंब मारतो. तरीही एका दारावर दोघांचा हक्क आहे हे तिथे गृहीत धरलेले आहे. भांडण होते ते दार कधी आणि किती वेळ उघडायचे यावर.

दुसरे उदाहरण केरळातले. वेंबनाड तलावावर तण्णीरमुक्कम इथे सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा बंधारा आहे. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीखाली. तिला खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी डिसेंबरच्या सुमारास बंधाऱ्याची दारे पाडतात आणि उन्हाळ्यात पुन्हा उचलतात. नावांसाठी तिथे लॉक ठेवला आहे. मच्छीमारांची तक्रार अशी की दारे बंद असताना मासळीची ये-जा थांबते आणि पाणी कुजते. शेतकऱ्यांची तक्रार अशी की दारे लवकर उघडली तर पीक जाते. दरवर्षी दोन्ही बाजू आपापली तारीख मागतात आणि सरकारला ती जाहीर करावी लागते. वाद मिटलेला नाही, पण तो तारखेवर आला आहे. तारखेवर आलेला वाद निदान बोलता येतो.

तिसरे उदाहरण दूरचे. इंग्लंडमध्ये सुमारे २,००० मैल जुने कालवे आणि नद्या ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था २०१२ पासून सांभाळते. त्यांवर शेकडो लॉक आहेत. आता त्यांतून कोळसा जात नाही. लोक हौसेने नावा फिरवतात आणि कित्येक जण नावेतच राहतात. लॉकची दारे लाकडी, काही वर्षांनी बदलावी लागतात. त्यासाठी हौदाच्या दोन्ही तोंडांना खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात, आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे टाकतात तसेच. मग हौद उपसून कोरडा करतात. ही मोठी कामे नोव्हेंबर ते मार्च या थंडीत काढतात, कारण तेव्हा वर्दळ कमी असते. कोणता लॉक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद, याची यादी आधी नाववाल्यांपुढे ठेवून त्यांचे म्हणणे घेतात आणि मग जाहीर करतात. तिथेही रखडलेल्या कामांवरून नाववाले चिडतात. २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊसच नसल्याने लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागला आणि लोकांचे बेत कोलमडले. पण दार बंद होणार हे नाववाल्याला सांगायचे असते, हा प्रश्न तिथे उरलेला नाही.

भांगातली दुरुस्ती

इंग्लंडची थंडी आपल्याला उपयोगाची नाही. आपल्या खाडीचे वेळापत्रक वेगळे आहे आणि ते आबांसारख्यांना पाठ आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असते : भरती सर्वांत वर चढते, ओहोटी सर्वांत खाली जाते, आणि पाण्याला ओढ असते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो : भरती फार चढत नाही, पाणी मंद असते. भरतीची वेळ काढण्याचा आमच्या किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे पूर्ण भरती. पाण्याची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

आता हे दाराच्या दुरुस्तीला लावून पाहा. झडप बदलणाऱ्याला भरती कमीत कमी चढायला हवी असते, म्हणजे आडबांध ठेंगणा चालतो आणि फुटण्याची भीती कमी. त्याला भांग सोयीचा. डोल जाळे लावणाऱ्याला पाण्याची ओढ लागते. भांगात जाळे फुगत नाही आणि होडी फाट्यातून बाहेर काढण्याइतके पाणीही चढत नाही. त्यामुळे भांगात तो तसाही घरी असतो. म्हणजे दुरुस्तीचे सोयीचे दिवस आणि होडीचे रिकामे दिवस एकच आहेत. महिन्यातून दोनदा चार-पाच दिवस मिळतात. काम टप्प्यांनी केले, झडप आधी कारखान्यात तयार करून आणली आणि आडबांधाऐवजी मोरीच्या तोंडाला बर्ग्यांसाठी खाचा ठेवल्या, तर दर उधाणाला वाट मोकळी होऊ शकते. खाचांचा खर्च एकदाच. हे मी काही जाणकारांपुढे मांडले तेव्हा त्यांनी त्यात चूक काढली नाही. असे कोणी मागितले नव्हते, एवढेच ते म्हणाले.

आबांचा मूळ प्रश्न कायद्याचा होता. त्याचे निदान एक उत्तर आमच्या शेजारच्या उरण तालुक्यात मिळते. बंदराच्या विस्तारात घातलेल्या भरावामुळे भरतीच्या पाण्याचे येणे-जाणे अडले आणि समुद्राकडे जाण्याची वाट आक्रसली, अशी तक्रार घेऊन तिथले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाने १,६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. त्याचा बोजा जवाहरलाल नेहरू बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांच्यावर वाटून टाकला. रक्कम मोठी आहे, पण माझ्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता, त्यांची पाण्यावरची वाट हे मोजता येण्याजोगे नुकसान आहे, हे लवादाने मान्य केले. त्या आदेशाची माहिती मी आबांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “म्हंजे आमचा बंद झाला त्ये पन मोजता येल?”

येईल असे मला वाटते. पण मोजण्यासाठी आधी नोंद हवी. आमच्या भागात कोणत्या दाराशी किती होड्या लागतात, कोणत्या तिथीला निघतात, कोणत्या मासळीच्या दिवसांत थांबल्या तर किती बुडते, याची यादी कुठेही नाही. गेल्या वर्षभरात मी आणि गावातली दोन तरुण मुले मिळून ती करतो आहोत. कासाडीच्या काठाने फिरताना मोडकी धरून एकेक होडी मोजतो. ज्यांची होडी आता नाही, तेही आपल्या बापाची जागा दाखवतात. काही जागांवर रस्ता आहे, एका ठिकाणी गाळ्यांची रांग आहे.

आडबांध त्या वर्षी दसऱ्यानंतर यंत्र आणून काढला गेला. आबांच्या होडीच्या तीन फळ्या बदलाव्या लागल्या. तिचा खर्च कोणी दिला नाही. या वर्षी झडपांची पुन्हा तपासणी होणार असे कळल्यावर आम्ही संबंधित कचेरीत एक अर्ज दिला. त्यासोबत भांगाच्या तारखांचा तक्ता जोडला आणि फाट्यात होड्या बांधलेल्या असतात असे नकाशावर खुणेने दाखवले. तारखा आबांनी सांगितल्या. मी त्या छापील भरतीपत्रकाशी ताडून पाहिल्या. दोन ठिकाणी एका दिवसाचा फरक निघाला. आबा म्हणाले, “पत्रकात काय हाय ते लिव. पान्याचा मी बगतो.”

अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळाला आहे. उत्तर आलेले नाही. होडी सध्या फाट्यातच बांधलेली आहे.